इलाबाई आणि गीताचा हात

१२ जानेवारी २०१६, मंगळवार

आज कारखान्याचा भोंगा वाजला नाही. गाळप कालच बंद झालं होतं, पण भोंगा तरी वाजेल असं उगाच वाटत होतं. ऊसच नाही तर गाळणार काय? मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्यात म्हणतात. कॉलनीतली निम्मी घरं कुलपं लावून गेली. शहादेवही परवा गेला. (तोंडानं मी नवऱ्याचं नाव घेत नाही, इथं लिहायला हरकत नाही.) बॉयलरवरचा चांगला कामगार, आता कर्नाटकात उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. जाताना म्हणाला, "पोरीला लई ताणू नको." बापांना एवढंच बोलायचं असतं. बोलायचं आणि गाडीत बसायचं.

दुपारी चेअरमन अर्जुनरावांनी मला आणि इलाबाईंना गेस्ट हाऊसवर बोलावलं. मी पायऱ्या चढतानाच मनाची तयारी केली होती की आता टेनिस बंद. पण साहेब म्हणाले, "कोर्ट चालू ऱ्हाईल. कोर्टाचा टँकर येत जाईल. मे महिन्यात औरंगाबादला राज्याच्या सोळा वर्षांखालच्या स्पर्धा हायेत. मुक्ताबाई, पोरगी तेवढी फायनलला न्या. फायनलच्या दोघींना पुण्याची अकादमी घेणार हाय. ऱ्हाणं, शाळा, जेवण समदं त्यांच्याकडं. आपल्या कारखान्याचं नाव होऊ द्या."

इलाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

त्यांचं खरं नाव इलोना. हंगेरी देशाच्या. एके काळी पॅरिसला, लंडनला खेळलेल्या. तीन वर्षांपूर्वी ऊस चिक्कार होता, साहेबांना हौस आली आणि त्यांनी पुण्याच्या एका क्लबातून बाईंना इथं आणलं. ऑफिसर कॉलनीत जुनं मातीचं कोर्ट होतंच. मी शाळेत पीटी शिकवते, म्हणून मदतीला मला दिलं. बायांनी इलोनाची इलाबाई केली आणि इलाबाईंनी बायांची बोली उचलली. सुरुवातीला कोर्टावर पोरींची झुंबड होती. आता त्या सगळ्या आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यात. राहिली फक्त माझी गीता. पंधरा वर्षांची.

माझा जन्म सांगलीकडे कुठल्या तरी ऊसतोडीच्या फडात, पाचटाच्या कोपीत झाला. कोणत्या गावाला, ते माझ्या आईलाही, कौशल्याबाईला, सांगता येत नाही. मी खो-खोच्या जिवावर तिथून निघाले. गीताला अजून लांब जायचंय. मेपर्यंत आम्हाला दुसरं काही सुचता कामा नये.

२० जानेवारी, बुधवार

सकाळचा सराव चांगला झाला. कोर्टाला संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी रूळ फिरवायचा. एक दिवस चुकला की मातीला तडे जातात आणि चेंडू कुठंही उडतो. टँकर वेळेवर येतोय, साहेबांचे उपकार.

गीताची सर्व्हिस म्हणजे तोफ आहे. पोरींच्या स्पर्धेत असली सर्व्हिस मी बघितली नाही. इलाबाई मात्र सर्व्हिस कधी करून दाखवत नाहीत, तोंडानं सांगतात. चेंडूही डाव्या हातानं देतात, आणि उजवा हात कमरेच्या वर फारसा नेत नाहीत. खेळाडूंच्या लकबी असतात. आमच्या खो-खोच्या सरांना एका पायावर उभं राहायची सवय होती.

त्या "बास" म्हणून खोलीवर गेल्यावर मी गीताला आणखी एक टोपलंभर चेंडूंची सर्व्हिस मारायला लावली. शेवटी शेवटी चेंडू जाळीत जायला लागले. मी म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं?"

५ फेब्रुवारी, शुक्रवार

गीताला आळस चढलाय. आज शाळेच्या घाईत म्हणते, "आई, वेणी घालून दे." एवढी घोडी झाली, आणि वेणी आईनं घालायची? दिली घालून. जेवतानाही डाव्या हातानं खात होती. मी हातावर चापट मारली तर ताटावरून उठलीच. पाण्याची कळशीही डाव्या कडेवर घेते. वय असतं, चिडचिड असते. पण मे तोंडावर आलाय आणि हिला आत्ताच लाड सुचावेत?

शहादेवचा फोन आला होता. तिच्याशी बराच वेळ बोलला. काय बोलली विचारलं, तर "काय न्हाई."

१४ फेब्रुवारी, रविवार

इलाबाईंशी वाद झाला. पहिल्यांदाच.

कोर्टाच्या कडेला मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुक्ता, गीताचा हात दुखते. खांदा. लई दुखते."

"मला काही बोलली नाही ती."

"तुला न्हाई बोलणार."

"कावून? मी आई आहे तिची."

बाई म्हणाल्या, "दोन महिने रॅकेट बंद. मोठा डॉक्टर. मे न्हाई खेळायचं. पुढल्या वर्षी."

मला रागच आला. म्हणाले, "पुढल्या वर्षी कारखाना असेल का? कोर्ट असेल? तुम्ही तरी असाल का इथं?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "मी न्हाई. कोर्ट न्हाई. पण हात असंल."

मी गीताला तिथंच हाक मारली. गळ्यात शिट्टी, समोर बाई. विचारलं, "खांदा दुखतोय का गं?" तिनं एकदा बाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "न्हाई."

"बघा," मी म्हणाले.

इलाबाईंना पोरगी कळत नाही. देशोदेशी हिंडलेली, मूल नाही, बाळ नाही. मला तर शंका येते, पोरीनं आपल्यापुढं जाऊ नये असं तर वाटत नसेल? असं लिहू नये. पण वाटलं ते वाटलं.

२८ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे आम्ही कामापुरतं बोललो. आज शेजारच्या वच्छलाबाईनं अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, तिथं इलाबाई उकिडव्या बसलेल्या दिसल्या. एक मिरची हुंगत होत्या. मी दिसले तशा म्हणाल्या, "ये, बस." आणि मग सगळं बोलल्या, थोडं इंग्रजीत, थोडं आपल्या भाषेत. बायकांसारख्या, मिरच्यांची देठं खुडत.

त्यांचं गाव सेगेड. सपाट मुलूख, मोठी नदी. तिथंही मिरच्या पिकतात, माळा करून घरांच्या भिंतींवर टांगतात. गावात दोरखंडाची गिरणी होती, सरकारी, आपल्या कारखान्यासारखीच. गिरणीचा क्लब, क्लबची लाल मातीची कोर्टं. त्यांचे वडील त्या कोर्टांना पाणी मारायचे, रेषा आखायचे. लहानपणी इलाबाई भिंतीवर चेंडू मारत बसायच्या, बापाचं काम होईपर्यंत. सोळाव्या वर्षी त्या देशातल्या सगळ्या पोरींच्या पुढं होत्या. सतराव्या वर्षी परदेशी खेळायची परवानगी मिळाली. बरोबर एक माणूस असायचा, पासपोर्ट त्याच्या खिशात. एकोणिसाव्या वर्षी पॅरिसला तिसऱ्या फेरीपर्यंत गेल्या. जर्मनीत एकदा जगातल्या आठव्या नंबरच्या बाईला हरवलं. स्वतः जगात एक्काहत्तराव्या होत्या. हे सांगताना त्या हसल्या. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कॉलनीच्या अंगणात जगातली एक्काहत्तरावी बाई मिरच्या खुडतेय!

खांदा अठराव्या वर्षीच दुखायला लागला होता. क्लबचा डॉक्टर स्पर्धेआधी खांद्यात इंजेक्शन द्यायचा. सुई मोठी. वडील डावा हात धरून बसायचे आणि म्हणायचे, एवढी एक मॅच. "आणि मग दुखत न्हाई," बाई म्हणाल्या. "अजिबात न्हाई. मी खूश. मी जिंकते. पॅरिसला पण असंच जिंकते."

चार वर्षं असं चाललं. बाविसाव्या वर्षी व्हिएन्नात एका सर्व्हिसला हात वर गेला तो तिथंच संपला. पुढं तळ्याकाठच्या हॉटेलात पाहुण्यांना शिकवलं, डाव्या हातानं. लग्न मोडलं. मग दुबई, मग पुणे, मग आपलं गाव.

"आणि वडील?" मी विचारलं.

"वारले. माझे कप रोज पुसायचे. मला कधी विचारले न्हाई, इलोना, हात कसा हाय." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मुक्ता, तुला समजते मी कावून सांगते?"

मी हो म्हणाले. समजलं. बिचारीला फार सोसावं लागलं. सरकारी राज्य, बरोबर पाळतीवर माणूस, असल्या वातावरणात चार वर्षं सुया टोचल्या तर हात जाणारच. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. इंजेक्शन दिलं की दुखत नाही. पॅरिसला असंच जिंकल्या. म्हणजे उपाय आहे. आम्हाला चार वर्षं नको, फक्त मे पार पडू दे.

४ मार्च, शुक्रवार

जीपनं केजला जाऊन आलो, मी आणि गीता. इलाबाईंना बोलले नाही. जीपमध्ये गीता खिडकीला टेकून बसली होती. खड्ड्यात गाडी आपटली की डोळे मिटायची. मी विचारलं, "दुखतंय ना?" तेव्हा कुठं मान हलवली. म्हणजे बाईंचं खरं होतं. मग मला का सांगत नाही ही पोरगी?

डॉक्टरांनी खांदा हलवून पाहिला, म्हणाले, सूज आहे, विश्रांती द्या. मी म्हणाले, विश्रांतीला वेळ नाही, इंजेक्शन द्या. ते म्हणाले, वय लहान आहे, फोटो काढून मग बघू. मी स्पर्धेचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं. रडले पण. शेवटी दिलं. गीतानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

येताना तिला उसाचा रस पाजावा म्हटलं, तर केजच्या स्टँडवर एकही रसवंती चालू नव्हती.

६ मार्च, रविवार

तोफ! काय सर्व्हिस मारली आज. चेंडू मातीत शिरतो की काय असं वाटत होतं. गीता हसत होती. किती दिवसांनी हसली. इलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या आणि टोपलं उचलून मधेच निघून गेल्या. चांगलं खेळलेलंही यांना खपत नाही.

नारायणगडाला नवस बोलले.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

आजचा दिवस विसरू म्हटलं तरी विसरता यायचा नाही.

कॉलनीचा पाण्याचा टँकर आठवडाभर फिरकला नव्हता. बाया रिकामे ड्रम घेऊन सकाळपासून नाक्यावर उभ्या. सणाचा दिवस, कुणाच्या घरात पुरण शिजवायला पाणी नाही. अशात कोर्टाचा टँकर आला आणि सगळ्यांच्या समोरून कोर्टाकडं वळला. बाया मागं धावल्या. मीही होते. मला वाटलं, आता भांडण होणार, म्हणून मी पाइप धरायला पुढं झाले, तोवर इलाबाई आल्या आणि ड्रायव्हरच्या हातातला पाइप घेऊन सरळ वच्छलाबाईच्या ड्रममध्ये घातला.

"आजपासून कोर्टाला पाणी न्हाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माणसाला पाणी."

मी ओरडले, "बाई, साहेबांनी कोर्टाला दिलंय ते! महिन्यावर स्पर्धा आली!"

त्या माझ्याजवळ आल्या. हळू बोलल्या, पण मला ऐकू यावं असं. "गीता सांगितली मला. इंजेक्शन. काल परत दिलं." मग कोर्टाकडं बोट दाखवलं. "कोर्ट न्हाई तर खेळ न्हाई. मला दुसरं काय येते, मुक्ता? तू सांग."

कुणीतरी साहेबांना फोन केला. मला वाटलं आता बाईंची हजेरी घेतील. अर्जुनराव जीपमधून उतरले, शंभर बाया बघितल्या, आणि पाइप स्वतःच्या हातात घेतला. बरोबरच्या माणसानं फोटो काढले. उद्या पेपरात येईल, चेअरमननी खेळाचं पाणी जनतेला दिलं. जाताना मी त्यांच्या मागं पळाले. "साहेब, मग गीताचं?" तर म्हणाले, "कोण गीता? हां हां. बघू की, मुक्ताबाई. आधी लोकं."

साहेबांच्या डोक्याला ताप फार आहेत. विसरत असतील. शब्द दिलेला माणूस आहे.

इलाबाईंना मेअखेर खोली सोडायला सांगितल्याचं संध्याकाळी कळलं. मला वाईट वाटलं नाही.

१३ एप्रिल, बुधवार

कोर्टाला तडे गेलेत. मी आमच्या वाट्याच्या पाण्यातून दोन हंडे वाचवते आणि बेसलाइनच्या पट्ट्यावर शिंपडते, सर्व्हिस तेवढी नीट व्हावी म्हणून. आंघोळ आम्ही सोडलीच आहे. मी दुपारचा चहाही सोडला.

आज वच्छलाबाईनं बघितलं. तिचा नातू तापानं फणफणलाय, त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला ती पाणी मागायला आली होती, आणि मी कोर्टावर हंडा पालथा करत होते.

"मुक्ते, ह्ये काय करायलीस गं? प्यायाचं पानी मातीत वतायलीस?"

"माझ्या वाट्याचं आहे."

"तुज्या वाट्याचं? आन पोरीच्या वाट्याचं कुटंय? सकाळधरनं कोरड्या तोंडानं खेळायलीय ती. व्हट बघ तिचे."

मी म्हणाले, "वच्छलाबाई, तुम्हाला नाही कळायचं. ही एकदा पुण्याला गेली की..."

"न्हाई कळायचं," ती म्हणाली. "मी अडाणी. पर लेकरू तहानलेलं हाय एवढं कळतं मला."

दुसरा हंडा तिला दिला. ओतायचं धाडस झालं नाही. तिनं घेतला, पण माझ्याकडं न बघता. संध्याकाळी नळावर बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. नळाला पाणी नाही, तरी बाया तिथंच जमतात, आणि मला तिथंही जागा नाही.

मी वाईट बाई आहे का? पुरुषानं असं काही केलं असतं तर जिद्द म्हणाले असते.

२६ एप्रिल, मंगळवार

इलाबाईंच्या खोलीवर गीता सारखी जाते. आज बोलवायला गेले तर दाराबाहेर ऐकू आलं. बाई विचारत होत्या, "तू न्हाई म्हण. आईला न्हाई म्हण. एकदा." गीता म्हणाली, "मी न्हाई खेळले तर आईचं काय होईल? तिला दुसरं कायच न्हाई."

मी तशीच परत फिरले. डोळे भरून आले. पोरगी माझ्यासाठी जीव टाकतेय, आणि मला वाटायचं हिला काही कळत नाही.

१७ मे, मंगळवार. औरंगाबाद

पहिल्या दोन मॅच सहज. इथं कोर्टं काय सुंदर ओली आहेत. हवा तापायच्या आत सगळं उरकतात. केजच्या डॉक्टरांनी या वेळी नाही म्हटलं, म्हणून इथंच एका दवाखान्यातून इंजेक्शन घेतलं. पहिल्यासारखा फरक पडला नाही. गीता म्हणते, हात असल्यासारखाच वाटत नाही. मी म्हणाले, दुखत तरी नाही ना? म्हणाली, न्हाई.

इलाबाई आज एसटीनं आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. वर कोपऱ्यात बसतात, गीताकडं बघतात, टाळ्या वाजवत नाहीत.

परवा सेमीफायनल. ती जिंकली की पुणे.

१९ मे, गुरुवार

लिहायला पाहिजे.

पहिला सेट गीतानं घेतला. नागपूरची पोरगी होती समोर, उंच. दुसरा सेट बरोबरीत चालू होता. गीतानं सर्व्हिसला चेंडू वर टाकला, हात वर गेला, आणि एक आवाज झाला. मला वाटलं रॅकेटची तार तुटली. रॅकेट खाली पडली होती. गीता नुसती उभी. ओरडली नाही, काही नाही. उजवा हात असा लोंबत होता, दोरीला बांधल्यासारखा.

पंचानं विचारलं, थांबायचंय का? गीतानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. इलाबाईंकडं नाही, माझ्याकडं.

मी मान हलवली. खेळ म्हणून.

तिनं डाव्या हातानं रॅकेट उचलली. खालून सर्व्हिस केली. चेंडू पलीकडं गेला. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणखी एक पॉइंट खेळली, आणखी एक. उजवा हात धावताना अंगावर आपटत होता. टाळ्या वाढल्या. मीही वाजवत होते. मला वाटत होतं, बघा, बघा माझी पोरगी. असं वाटत होतं मला.

तेवढ्यात इलाबाई कोर्टात उतरल्या. पंच ओरडत होता, कुणी तरी त्यांचा दंड धरला, त्यांनी झटकला. सरळ गीतापाशी गेल्या, तिच्या डाव्या हातातून रॅकेट काढून घेतली आणि म्हणाल्या, "बास. झालं. बास, बाळा." तेव्हा गीता रडली. खाली मातीत बसली आणि त्यांच्या पोटात डोकं घालून इतकी रडली की नागपूरची पोरगीपण रडायला लागली.

मॅच समोरचीला दिली. नियमच आहे.

मी इलाबाईंना सगळ्यांसमोर नको ते बोलले. परकी म्हणाले, वांझ म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग फक्त म्हणाल्या, "रिक्षा बोलव, मुक्ता."

२४ मे, मंगळवार

मोठ्या डॉक्टरांनी फोटो भिंतीवरच्या दिव्यावर लावला. मला दाखवलं. खांद्याजवळ हाड वाढायची जागा असते, पोरीबाळींत ती कच्ची असते, ती सरकलीय. स्नायू फाटलाय. आधीचं दुखणं इंजेक्शननं दडलं आणि आत वाढत गेलं. ऑपरेशन झालंय. हात कामाला येईल म्हणाले, जेवायला, लिहायला. खेळायला नाही.

"किती दिवसांपासून दुखत होतं?" त्यांनी विचारलं.

मी गीताकडं बघितलं. ती म्हणाली, "दिवाळीपासून."

दिवाळी नोव्हेंबरात होती.

शहादेव आला कर्नाटकातून. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्रंदिवस पोरीच्या उशाशी बसतो. इलाबाई त्याला डबा आणून देतात, मलाही देतात. मी जेवते. भूक लागते, याची लाज वाटते.

आज व्हरांड्यात मी बाईंना विचारलं, "तुम्ही मला सगळं सांगितलं होतंत. मला का कळलं नाही?"

त्या म्हणाल्या, "माझे वडील वाईट माणूस न्हाई. त्यांना पण मी सांगत होते. रोज. त्यांना ऐकू येत होतं फक्त, मी जिंकते."

माफी मागावी असं खूप मनात आलं. तोंडातून निघालं, "पुण्याच्या अकादमीवाल्यांना एकदा भेटून बघायचं का, सहा महिन्यांनी?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच भीती वाटली.

५ जून, रविवार

इलाबाई आज गेल्या. आधी पुणे, मग त्यांच्या देशात. बहिणीकडं राहणार, म्हणाल्या. वच्छलाबाईनं मिरच्यांचं गाठोडं बांधून दिलं. नातू बरा झालाय तिचा, कडेवर होता. निम्मी कॉलनी जीपपर्यंत आली. अर्जुनराव नव्हते. त्यांना मी अलीकडे दोनदा भेटायला गेले, भेट झाली नाही. शब्द दिलेला माणूस असं मी त्यांना म्हणत होते.

मी माफी मागितली. सगळ्यांच्या देखत, कारण बोलले होते तेही सगळ्यांच्या देखत. इलाबाई म्हणाल्या, "मला नको. तिला." आणि जीपमध्ये बसल्या. गीता त्यांच्या खिडकीला धरून थोडी चालत गेली, गळ्यात पट्टी, हात पोटाशी बांधलेला.

दुपारी गीता उंबऱ्यात बसली होती. बाहेर पांढरं ऊन, कोर्टाकडून धूळ येत होती. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "माझं चुकलं, गीता." ती म्हणाली, "हूं." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि मला ते सहन होईना. मी बोलायला लागले. पंचाची परीक्षा असते म्हणाले. कोचिंगचा कोर्स असतो, पतियाळाला. खेळाच्या कोट्यातून पोलिसात...

"आई, थांब."

थांबले.

"मी कायच झाले न्हाई तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे कायच न्हाई. पंच न्हाई, पोलीस न्हाई. दहावी करीन, पास हुईन न हुईन. नुसती घरात आसन. गीता म्हणून. चालंल का तुला?"

"चालेल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. पंचाचा निर्णय पटला नाही तरी ती कधी भांडायची नाही, नुसती बघायची, तशी. मग डावा हात चौकटीला लावून उठली आणि आत गेली.

तिचा विश्वास बसला नाही. मागून जाऊन पुन्हा एकदा "चालेल" म्हणावं म्हणून मी उठले, आणि दारातच थांबले. आधी मला स्वतःला ते खरं वाटायला हवं.